एका रक्ताचे राष्ट्र

कोरियन भाषेत 'मिन्जोक' असा एक शब्द आहे. 'मिन्' म्हणजे लोक आणि 'जोक' म्हणजे कुळ. या शब्दाला मराठीत नेमके काय म्हणावे, याचा विचार आम्ही बरेच दिवस करीत आहोत. 'राष्ट्र' म्हणावे तर त्यात शासन, सीमा, राज्यघटना हे सारे येते. मिन्जोकला यांपैकी कशाचीच गरज नाही, राज्य बुडाले तरी ते उरते. 'वंश' म्हणावे तर तो शब्द लगेच कातडीच्या रंगाकडे आणि नाकाच्या मापाकडे धाव घेतो. बंगालीत राष्ट्राला 'जाति' म्हणतात. तोच शब्द मराठीत उच्चारला की समोर काय उभे राहते, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. पालीत 'जाति' म्हणजे केवळ जन्म. एकाच धातूतून निघालेला शब्द एका प्रांतात राष्ट्र झाला आणि शेजारच्या प्रांतात बहिष्कार झाला. मिन्जोकच्या मुळाशीही जन्मच आहे: एका पूर्वजापासून जन्मलेले, एका रक्ताचे, एका भाषेचे आणि म्हणून एक.

या शब्दाच्या मागे आम्ही लागलो त्याला निमित्त वर्गातलेच झाले. दिवाळीच्या सुट्टीहून परतलेल्या मुलींच्या तोंडी कोरियन मालिका आणि गाणी होती. त्यांतल्या नववीच्या एका मुलीने इतिहासाच्या तासाला विचारले, "सर, त्यांच्यात जात नसते ना?" पृथ्वीच्या पाठीवर असा एखादा देश असावा, ही इच्छा त्या प्रश्नात स्वच्छ ऐकू येत होती. "नसते" असे एका शब्दात सांगता आले असते आणि आजच्या अर्थाने ते खरेही ठरले असते. परंतु 'आज नाही' आणि 'कधीच नव्हती' यांत फार मोठे अंतर आहे, आणि त्या अंतरातच आपल्या कामाचा सगळा इतिहास आहे.

मिन्जोक हा शब्द वाटतो तितका जुना नाही. जपानी भाषेतल्या 'मिन्झोकु'वरून तो विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर कोरियात आला. त्यापूर्वी जोसॉन राजवटीतला माणूस स्वतःची ओळख राजावरून, कुळावरून, गावावरून आणि दर्जावरून सांगत असे. वर 'यांगबान' नावाचा उच्चवर्ग, खाली कष्टकरी प्रजा, आणि तिच्याही खाली गुलाम. एके काळी लोकसंख्येचा सुमारे तिसरा हिस्सा गुलामांचा होता, असे इतिहासकार मानतात. गुलामाला आडनाव नसे, वंशावळ नसे. आपण आणि आपला गुलाम एका रक्ताचे आहोत, ही कल्पना यांगबानाला शिवीसारखी वाटली असती. वंशपरंपरागत गुलामी 1886 साली बंद झाली आणि 1894 च्या सुधारणांनी जन्मजात दर्जाची सारी व्यवस्था कायद्याने मोडली. आज कोरियात किम, ई आणि पार्क ही तीनच आडनावे मिळून सुमारे 45 टक्के लोकांची आहेत. याचा अर्थ सगळे तीन राजांचे वंशज असा नव्हे. आडनाव नसलेल्यांनी संधी मिळताच प्रतिष्ठित आडनाव घेतले, ऐपत आली तेव्हा वंशावळीही विकत घेतल्या. एका रक्ताच्या या कथेतले बरेचसे रक्त शाईचे आहे.

तरीही ही कथा खोटी म्हणून टाकून देता येत नाही. ती का लागली, हे पाहावे लागते. 1905 मध्ये जपानने कोरियाला आपल्या संरक्षणाखाली घेतले आणि 1910 मध्ये गिळले. या दोहोंच्या मध्ये, 1908 साली, शिन चे-हो या तरुण पत्रकाराने वृत्तपत्रातून एक लेखमाला लिहिली. राजांच्या वंशावळी म्हणजे इतिहास नव्हे, मिन्जोकच्या चढउतारांची हकीकत म्हणजे इतिहास, असे त्याने मांडले. चीनसारख्या मोठ्या सत्तेपुढे मान तुकवणाऱ्या दरबारी इतिहासकारांना त्याने फैलावर घेतले. राजा जाणार, दरबार जाणार, सैन्य तर गेलेच होते. मग उरणार काय? उरतील ते लोक, आणि त्यांना धरून ठेवणारी एक स्मृती. राज्य नसलेल्या माणसाने स्वतःसाठी बांधलेले ते घर होते. ज्यांच्याकडे कधीच राज्य नव्हते त्या आपल्यासारख्यांना ही गरज समजायला जड जाऊ नये.

या घराचा पाया म्हणून दान्गुन या आदिपुरुषाची कथा घेतली गेली. स्वर्गातून उतरलेला देवपुत्र, शंभर दिवस अंधाऱ्या गुहेत लसूण आणि दवण्यासारखी एक कडू वनस्पती खाऊन स्त्रीरूप मिळवू पाहणारी अस्वलीण, आणि त्या दोघांचा पुत्र दान्गुन. त्याने इ.स.पू. 2333 मध्ये पहिले राज्य स्थापले असे मानतात. 3 ऑक्टोबरला दक्षिण कोरियात त्याची राष्ट्रीय सुट्टी असते. ही कथा आज उपलब्ध ग्रंथांत प्रथम सापडते ती तेराव्या शतकाच्या अखेरीस इर्योन नावाच्या बौद्ध भिक्खूने संकलित केलेल्या 'समगुक युसा'मध्ये. त्या वेळी देश मंगोलांच्या टाचेखाली होता. इर्योनने दान्गुनच्या आजोबाची ओळख करून देताना तो म्हणजे शक्र, असे टिपून ठेवले आहे. शक्र म्हणजे आपल्या जातककथांतला सक्क, देवांचा राजा! कोरियाच्या शुद्ध रक्ताचा उगम शोधत गेलेला माणूस अशा रीतीने भारतातून गेलेल्या एका देवाच्या दारात येऊन उभा राहतो. त्याच ग्रंथात आणखी एक कथा आहे: इ.स. 48 मध्ये 'आयुता' देशाची राजकन्या नावेतून आली आणि सुरो राजाची राणी झाली. आयुता म्हणजे अयोध्या, असे पुष्कळ कोरियन मानतात. 2001 पासून अयोध्येत तिचे स्मारकही आहे. इतिहास म्हणून ही कथा टिकणे कठीण. परंतु तिच्यापासून वंश सांगणाऱ्या लाखो कोरियनांना परदेशी आजीचे काही वाटत नाही, हे आम्हाला लक्षणीय वाटते.

1 मार्च 1919 रोजी सोलमध्ये स्वातंत्र्याची घोषणा झाली, तिच्यावर 33 जणांच्या सह्या होत्या. त्यांपैकी दोघे बौद्ध भिक्खू: हान योंग-उन आणि बेक योंग-सॉन्ग. या दोन सह्यांचे मोल समजण्यासाठी एक गोष्ट ठाऊक हवी. जोसॉन राजवटीत भिक्खूंची गणना हलक्या लोकांत होत असे आणि राजधानीच्या तटाच्या आत पाऊल टाकायला त्यांना बंदी होती. ती बंदी 1895 साली उठली. म्हणजे चोवीस वर्षांपूर्वीपर्यंत ज्या शहराच्या वेशीतून आत येता येत नव्हते, त्या शहरात हे भिक्खू साऱ्या लोकांच्या वतीने बोलायला उभे राहिले. मिन्जोक या शब्दाने त्यांना ती जागा दिली, हे मान्य केले पाहिजे. हान योंग-उन तुरुंगात गेला. तिथे त्याने स्वातंत्र्याच्या समर्थनार्थ जे निवेदन लिहिले त्याची सुरुवात रक्तापासून होत नाही. स्वातंत्र्य हे सर्वच सृष्टीचे जीवन आहे, तिथून तो आरंभ करतो आणि मग आपल्या लोकांपर्यंत येतो. हा क्रम बौद्धाचा आहे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. कोरियात 'बेकजॉन्ग' नावाचा एक समाज होता. जनावरे कापणे, कातडी कमावणे, टोपल्या विणणे ही त्यांची कामे. त्यांची वस्ती वेगळी. प्रतिष्ठितांची काळी टोपी त्यांना घालता येत नसे; त्यांनी बांबूच्या कामट्यांची टोपी घालावी, असा दंडक. कोरियन भाषेत आदरार्थी बोलण्याच्या अनेक पायऱ्या आहेत. म्हाताऱ्या बेकजॉन्गानेही इतरांच्या पोराशी आदरार्थी बोलायचे, आणि त्या पोराने त्याला अरे-तुरे करायचे. प्राणिहत्येविषयीच्या बौद्ध शिकवणुकीचाही या तिरस्काराला टेकू मिळाला, असे मत मांडले जाते. बौद्ध म्हणून हे वाक्य आपण डोळे झाकून ओलांडू नये. या लोकांचे पूर्वज उत्तरेकडून आलेले भटके परके होते, असेही सांगितले जाई. ज्याला दूर ठेवायचे त्याचे रक्त वेगळे असल्याचा शोध नेहमी नंतर लागतो.

'बेकजॉन्ग' हे नाव मुळात तुच्छतेचे नव्हतेच. त्याचा अर्थ साधी प्रजा. 1423 साली सेजोंग राजाने या बहिष्कृतांना इतरांत मिसळून घ्यावे म्हणून हे सर्वसामान्यांचे नाव त्यांना दिले. झाले असे की सर्वसामान्यांनी ते नाव टाकून दिले, यांना 'नवे बेकजॉन्ग' म्हणायला लागले, आणि कालांतराने तो शब्दच शिवी होऊन बसला. वरून दिलेल्या गोड नावाने कलंक पुसला जात नाही, कलंकच नावाला चिकटतो, हे आपल्याकडे 'हरिजन' या शब्दाच्या वेळी बाबासाहेबांनी ओळखले होते.

1894 च्या कायद्याने बेकजॉन्ग इतरांसारखे झाले, कागदावर. 1898 मध्ये पार्क सॉन्ग-चुन हा बेकजॉन्ग सोलच्या एका प्रचंड जाहीर सभेत बोलायला उभा राहिला. त्याचा मुलगा पार्क सॉ-यांग 1908 साली कोरियातल्या पाश्चात्त्य वैद्यकशाळेच्या पहिल्या सात पदवीधरांपैकी एक होता. शिन चे-होने मिन्जोकचा इतिहास लिहिला ते हेच वर्ष. पुढे हा डॉक्टर मांचुरियात गेला आणि तिथल्या कोरियनांसाठी त्याने दवाखाना आणि शाळा चालवली. वसतिगृहाच्या भिंतीवर लावण्याजोगे हे एक चित्र आहे, असे आम्हाला वाटते.

पण एका डॉक्टरने समाज सुटत नाही. दक्षिणेकडच्या जिंजू शहरात 1909 साली बेकजॉन्गांना चर्चमध्ये इतरांबरोबर प्रार्थनेला बसवले, तेव्हा बाकीचे भाविक उठून गेले. घराच्या नोंदवहीत त्यांच्या धंद्याची खूण राहिली, आणि नोकरीला किंवा शाळेला अर्ज केला की ती खूण बाहेर येई. ऐपत असलेल्या बेकजॉन्गाच्या मुलालाही शाळा दार उघडीना. या शाळेच्या दारातूनच चळवळ निघाली. एप्रिल 1923 मध्ये जिंजूत 'ह्यॉन्गप्यॉन्गसा' ही संघटना स्थापन झाली. 'ह्यॉन्गप्यॉन्ग' म्हणजे तराजूची समतोल दांडी. मांस तोलणाऱ्यांनी आपल्या रोजच्या तराजूवरून समतेचे नाव घेतले! तिच्या पुढाऱ्यांत जपानमध्ये शिकून आलेला चांग जी-पिल हा बेकजॉन्ग होता आणि कांग सांग-हो हा उच्चकुलीनही. कांगला त्याच्या गावकऱ्यांनी कोणते नाव ठेवले असेल? 'नवा बेकजॉन्ग'. पाचशे वर्षे जुनी शिवी तशीच्या तशी.

आणि मग त्यांच्याच मिन्जोकने त्यांच्यावर हल्ले केले. जिंजूच्या शेतकऱ्यांनी बेकजॉन्गांकडून मांस घेणे बंद केले. 1925 च्या ऑगस्टमध्ये येचॉन येथे संघटनेच्या लोकांवर जमावाने हात टाकला. सारे एका आदिपुरुषाची लेकरे, सारे परक्याच्या जोखडाखाली, आणि तरीही. महाडच्या तळ्यावर 1927 साली जे घडले ते ज्यांनी घरात ऐकले आहे, त्यांना येचॉन नकाशावर शोधावे लागणार नाही. त्या काळात या दोन्ही चळवळी एकमेकींना ओळखत होत्या, असे मात्र आम्ही म्हणत नाही. एवढेच नोंदवतो की जिंजूतील सभेनंतर चार महिन्यांनी, ऑगस्ट 1923 मध्ये, मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव संमत झाला.

हे सांगून आम्ही मिन्जोकला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले असे कोणी समजू नये. त्याच 1923 च्या सप्टेंबरात जपानमध्ये टोकियोच्या परिसरात भूकंप झाला. कोरियन लोक विहिरींत विष टाकत आहेत अशी अफवा उठली आणि हजारो कोरियनांना ठार मारण्यात आले. संशयिताला काही जपानी शब्द म्हणायला लावायचे, उच्चार अडखळला की तो कोरियन. मारणाऱ्याने कोणाला यांगबान की बेकजॉन्ग असे विचारले नाही. बाहेरून असा घाव येतो तेव्हा आत एक होण्याची हाक खोटी नसते. पुढे जपानी सत्तेने तर 'तुमचे आमचे पूर्वज एकच' असे म्हणत कोरियन भाषा शाळांतून काढली आणि 1940 पासून लोकांना जपानी धाटणीची नावे घ्यायला लावली. एक रक्त हा शब्द ज्याच्या हातात काठी आहे तोही वापरू शकतो, हे इथे दिसते.

शिन चे-हो स्वतः या शब्दापाशी थांबला नाही. जानेवारी 1923 मध्ये लिहिलेल्या क्रांतीच्या जाहीरनाम्यात त्याने भर दिला तो 'मिन्जुंग'वर, म्हणजे सामान्य कष्टकरी जनतेवर. आपल्या भाषेत बहुजनांवर. 1936 साली तो लुशुनच्या जपानी तुरुंगात वारला. त्याच वर्षी लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेले आणि तिथे होऊ न शकलेले बाबासाहेबांचे भाषण छापून निघाले. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत, जात ही वंशाची विभागणी नव्हेच, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. हा मुद्दा आपण एका बाजूने वाचतो: रक्त एक आहे, म्हणून जात खोटी. जिंजूने आम्हाला तो दुसऱ्या बाजूनेही वाचायला लावला. रक्त एक असूनही जात उभी राहिली, तर रक्ताच्या एकतेवर जातिअंताची भिस्त ठेवता येत नाही. तथागतांनी वासेट्ठसुत्तात गवत, किडे, पक्षी यांच्या जन्मजात खुणा मोजून माणसांत तशा खुणा नाहीत, असे सांगितले ते सर्व माणसांविषयी. एका मुलखापुरते नव्हे.

मग कोरियातला बेकजॉन्ग गेला कुठे? 1945 ला देश मुक्त झाला आणि त्याच वेळी दुभंगला. दोन्ही बाजूंनी जमीन कुळांना वाटली गेली. 1950 ते 1953 च्या युद्धाने गावेच्या गावे उठवली. नोंदवह्या जळाल्या, माणसे अनोळखी शहरांत जाऊन पडली, कोण कोणाचा हे विचारणारा शेजारी उरला नाही. बेकजॉन्ग त्या गर्दीत विरघळला. आज कोरियात कोणाला त्यावरून अडवत नाहीत. ज्याला आपण जातिअंत म्हणतो तो तिथे असा झाला: थोडा कायद्याने, थोडा चळवळीने, आणि बराचसा संहार आणि विस्मरण यांनी. मिन्जोक या शब्दाने त्या विस्मरणावर पांघरूण घातले. आपण सगळे एकच होतो, असे एकदा म्हटले की कोणाला वेशीबाहेर ठेवले होते हे आठवण्याचे कारण राहत नाही.

वेस मात्र गेली नाही, सरकली. युद्धानंतर परदेशी सैनिकांपासून कोरियन स्त्रियांना झालेली मुले 'मिश्र रक्ताची' ठरली. परदेशांत दत्तक पाठवणे सुरू झाले ते अशा मुलांपासून. पुढच्या दशकांत सर्व मिळून दीड लाखांहून अधिक मुले कोरियाबाहेर गेली. 1949 च्या शिक्षण कायद्यात दान्गुनकथेतील 'हॉन्गइक इन्गान' हे ध्येय घातलेले होते; त्याचा अर्थ सर्व माणसांचे व्यापक हित. 'बहुजन हिताय'च्या किती जवळचे शब्द! शाळेत दाखल होणाऱ्या काळ्यासावळ्या पोराला मात्र ते लागू पडायला फार वेळ लागला. 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने 'शुद्ध रक्त' या भाषेबद्दल दक्षिण कोरियाकडे चिंता व्यक्त केली. त्याच वर्षी ध्वजापुढे म्हणायच्या प्रतिज्ञेतून 'मिन्जोक' हा शब्द काढण्यात आला आणि तिथे स्वतंत्र व न्याय्य देशाचा उल्लेख आला. रोज सकाळी परिपाठाला प्रतिज्ञा म्हणणाऱ्यांनी या बदलाकडे लक्ष द्यावे. आपल्या प्रतिज्ञेत 'बांधव' हा शब्द आहे, तो जन्माने मिळत नाही, मानावा लागतो. हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे म्हणवतील, हा प्रश्न 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत विचारला गेला तो याचसाठी.

उत्तर कोरियाने 1993 मध्ये दान्गुनची कबर सापडल्याचे जाहीर केले आणि पुढच्या वर्षी तिच्यावर पिरॅमिडसारखी वास्तू उभारली. दोन्ही बाजू एकमेकींवर तोफा रोखून असतानाही एक शब्द दोघींचा होता. 1972 च्या संयुक्त निवेदनात मिन्जोकची एकजूट हे एक तत्त्व होते. जानेवारी 2024 मध्ये उत्तरेच्या नेत्याने तोही शब्द टाकला: दक्षिण हे आता आपले सगोत्र नाही, शत्रुराष्ट्र आहे. प्योंगयांगमधली पुनर्मीलनाची कमान पाडण्यात आली. पाच हजार वर्षांचे म्हटलेले रक्त एका भाषणाने परके झाले. ज्यांचे भाऊ-बहीण त्या सीमेपलीकडे राहिले ते वृद्ध दरवर्षी कमी होत आहेत.

जिंजूत 2023 साली ह्यॉन्गप्यॉन्ग चळवळीची शताब्दी झाली. तिचे स्मारक त्या शहरात आहे. आपण बेकजॉन्गांचे वंशज आहोत असे सांगत मात्र सहसा कोणी पुढे येत नाही. आमच्या वर्गातल्या त्या मुलीला आम्ही हेही सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने विचारले, "मग त्यांची गाणी कोण म्हणतं?" तिला भीमजयंतीची गाणी अभिप्रेत होती. जिंजूच्या तराजूवर आजही कोणी गाणे रचते का, हे शोधायचे काम आता नववीच्या वर्गाने अंगावर घेतले आहे.